सादळू नये म्हणून

बुधवार, ११ जून

आईचं ऑपरेशन पुढे गेलं. पुढे म्हणजे कधी, ते कोणी सांगितलं नाही.

पित्ताशयातल्या खड्यांसाठी परळच्या हॉस्पिटलात आम्ही मार्चपासून खेटे घालत होतो. तारीख मिळाली होती पुढच्या गुरुवारची. आज भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी रक्ताचे रिपोर्ट चाळले, एका आकड्यावर पेन टेकवलं आणि फाइल मिटली. टीएसएच चौदा पूर्णांक सहा. थायरॉईड इतका बिघडलेला असताना भूल द्यायची नाही, आधी तो ताब्यात आणा, मग तारीख. पन्नासची गोळी होती ती पंचाहत्तरची झाली. सहा-सात आठवड्यांनी पुन्हा रक्त. तोवर कधी दुखतं आणि त्याआधी काय खाल्लं, ते लिहून ठेवा म्हणाल्या. म्हणून ही वही. मी एरवीही लिहिलंच असतं, पण आता डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर आईला नावं ठेवता येणार नाहीत.

लालबागला टॅक्सीतून उतरताना आई म्हणाली, एवढ्या वेळात मुंबईतले रस्ते झाले असते. मग स्वतःच म्हणाली, नाही, तेही झाले नसते.

शुक्रवार, १३ जून

एफ.वाय.ला मी दोनदा बसलो आणि मग उठलो. त्यामुळे रिपोर्ट समजून घ्यायला मला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, पण एकदा समजला की मी विसरत नाही. गिरगावात लग्नपत्रिकांच्या छापखान्यात मी टायपिंग आणि तपासणी करतो. वधूच्या आजोबांच्या नावात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मला जेवण जात नाही. इथे तर आई आहे.

समजलं ते असं. टीएसएच हा थायरॉईडचा रस नव्हे. तो डोक्यातून सुटणारा हुकूम आहे. गळ्यातली ग्रंथी आळसावली की हुकूम वाढत जातात. म्हणून आकडा जास्त म्हणजे काम कमी. आईला हे सांगायला मला अर्धा तास लागला. तिचे वडील गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, मुकादम जॉबरच्या हाताखाली होते. ऐकून म्हणाली, "म्हणजे जॉबर बोंबलता आणि साचे बंद." मी अर्ध्या तासात जे सांगितलं ते हेच होतं.

नवी बाटली आणली. शंभर गोळ्या. बाटलीवरचं बारीक इंग्रजी मी भिंगाने वाचलं आणि आईला व शेजारच्या लतिका काकीला समोर बसवून समजावलं. कोरड्या जागी ठेवायची, उजेडात नाही, झाकण घट्ट. पावसाळ्याची हवा वाईट. एकदा बाटली उघडली की ती लवकर संपलेली बरी, उघडी बाटली महिनोन् महिने राहिली तर गोळीतलं बळ जातं. काकीही बरीच वर्षं थायरॉईडची गोळी घेते, म्हणून तिलाही बोलावलं होतं. दोघींनी माना हलवल्या. आई म्हणाली, पोह्याच्या पापडासारख्या सादळत असतील. मी म्हटलं, अगदी तसंच. मला बरं वाटलं की मुद्दा पोचला.

बाटली फडताळात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आहे. हवा लागू नये म्हणून मीही ती उघडून पाहणार नाही.

मंगळवार, १७ जून

आईचे बाकीचे रिपोर्ट आले. ड जीवनसत्त्व अकरा, वीसच्या वर हवं. बी बारा एकशे साठ, निदान दोनशे तरी हवं. करी रोडच्या लॅबमध्ये पॅकेज स्वस्त होतं म्हणून मी माझंही रक्त दिलं होतं. माझं बी बारा चारशे ऐंशी, उत्तम. ड मात्र नऊ. आईपेक्षाही कमी. लॅबमधली श्रेया म्हणाली की नऊवरही माणूस चालतो, मी स्वतः चालत आलोय हे तिने पाहिलंय.

बी बारा मासे, मटण, अंडी यांतून मिळतं. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा मासे असतात. एकाच टोपातलं दोघं जेवतो, मग माझं चारशे ऐंशी आणि आईचं एकशे साठ कसं, हे कळत नाही. श्रेयाने विचारलं, आई काय काय खाते. मी आठवून सांगितलं की आईला तुकडीपेक्षा सार आवडतं, तुकड्या ती माझ्या ताटात वाढते. श्रेया माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, बरं. बहुतेक तिलाही कारण सापडलं नाही.

आईला बी बाराची इंजेक्शनं, दोघांना ड जीवनसत्त्वाची पावडर आठवड्यातून एकदा, शिवाय आईला कॅल्शियम.

रविवार, २२ जून

ऊन पडलं म्हणून गच्चीवर जाऊन बसलो. समोरच्या टॉवरची सावली साडेदहाला आमच्या चाळीवरून सरकते, तेवढ्यात बसावं लागतं. लतिका काकी कपडे वाळत घालायला आली आणि मला उलटायला सांगून गेली. एका बाजूने भाजलास, म्हणाली.

खाली आल्यावर आईला विचारलं, गोळी उपाशीपोटी घेतेस ना? पहाटे पाणी येतं तेव्हा दोघी उठतात, मी झोपलेला असतो, त्यामुळे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आई म्हणाली घेते. काकीने साक्ष दिली की दोघी एकदमच घेतात, हंडा नळाखाली लावला की गोळी, रोज, न चुकता. अशी साक्षीदार असल्यावर मी निर्धास्त झालो. श्रेया म्हणते तसा मी संशयी नाही.

बुधवार, ९ जुलै

काल आईला कळ आली. उजव्या बरगडीखाली, पाठीत जाणारी. कारण : शेजारच्या बारशाचे दोन वडे. ती म्हणते एकच. टोपलीतले पाहता दोन. रात्रभर उशी पोटाशी धरून बसली होती. मी गरम पाण्याची पिशवी भरून देत होतो आणि प्रत्येक वेळी ती मला झोपायला सांगत होती. सकाळी तिचा चेहरा सुजल्यासारखा होता. आवाज घोगरा. आधी ती मला चाळीच्या फाटकापर्यंत हाक मारायची, आता खोलीतल्या खोलीत ऐकू येत नाही.

अशी कळ पुन्हा आली आणि खडा नळीत अडकला तर घाईत ऑपरेशन करावं लागेल, तेही या थायरॉईडवर. हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आईला मी सांगितलेलं नाही. इथे लिहून ठेवतो म्हणजे कुठेतरी सांगितल्यासारखं होईल.

मंगळवार, २९ जुलै

टीएसएच एकवीस पूर्णांक चार.

मी आकडा तीनदा वाचला. गोळी वाढवली आणि आकडाही वाढला. श्रेयाने पुन्हा मशीनवर लावून दाखवला, तोच आला. ती काहीच चेष्टा करीना तेव्हा मला जास्त भीती वाटली.

डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ताच वाढवत नाही, आधी ती पोटात नीट जाते का ते बघा. चहाबरोबर घेतात का, कॅल्शियम लगेच घेतात का. कॅल्शियम आणि या गोळीत चार तास हवेत. आई नाश्त्याबरोबर कॅल्शियम घेत होती. सापडलं. शिवाय तिचा पहिला चहा पाण्याच्या हंड्याबरोबरच होत असे. तेही सापडलं.

आजपासून : गोळीनंतर तासभर चहा नाही. कॅल्शियम दुपारी. कोबी आणि सोयाबीन घरात नको.

आई म्हणाली, "कोबी मी कदी खाल्लंय रे? कोबी तुका आवडता." तरी बंद.

रविवार, ३ ऑगस्ट

आज एक धोक्याची गोष्ट कळली. आईने मला वरच्या फळीवरची गोळ्यांची बाटली काढून द्यायला सांगितलं. मी विचारलं, मग इतके दिवस कशी काढत होतीस? तिने उत्तर द्यायच्या आधीच मला कळलं, स्टुलावर चढून. पहाटे, अंधारात, ओल्या पायांनी. मी तिला चांगलंच सुनावलं. बाटली आता खालच्या फळीवर ठेवली आहे, पुठ्ठ्याच्या खोक्यात, उजेड लागू नये म्हणून.

रविवार, २४ ऑगस्ट

लतिका काकी गणपतीला गावी गेली. आम्ही या वर्षी नाही, कधीही तारीख मिळू शकते. तिला गाडीत बसवून द्यायला मी गेलो होतो. साठीची बाई, पण बोचकी दोन्ही हातांत घेऊन माझ्या पुढे. गेले दोन-तीन आठवडे तिने चाळीत धुमाकूळ घातलाय. जिन्याचे कठडे घासले, माळ्यावरची तांब्याची भांडी काढून चिंचेने लखलखीत केली, स्वतःची संपली तेव्हा आमची मागायला आली. तिच्याकडे पंखा दिवसभर पाचावर असतो आणि ती पदराने वारा घेत बसते. त्याच थायरॉईडची बाई, पण उत्साह बघा, असं मी आईला म्हटलं. निघताना आईने काकीला कागदाच्या पुडीत काहीतरी बांधून दिलं, प्रवासाचं असेल.

आईचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटतो. सूज उतरल्यासारखा, असं म्हणायचंय. आज तिने मला गॅलरीच्या टोकापर्यंत हाक मारली. चहा तासाभराने घेतल्याचा परिणाम.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

पाच पूर्णांक दोन!

उद्गारचिन्ह मी सहसा देत नाही. आज देतो. डॉक्टर म्हणाले, झकास, असंच चालू ठेवा. भूलवाल्या बाईंनाही फोनवर कळवलं. सोमवारी बावीसला त्यांची तपासणी, आणि ती ठीक झाली तर गुरुवारी पंचवीसला ऑपरेशन. मी डॉक्टरांना चहा आणि कॅल्शियमचं सांगितलं, कोबीचंही. ते कोबीवर काही बोलले नाहीत. छापखान्यात मालक चिंतामणी काकांना पेढे दिले तर त्यांनी विचारलं, लग्न ठरलं की काय. मी टीएसएच सांगितला. त्यांनी पेढा खाल्ला.

काकी गावाहून आली आहे. फार वाळली. गौरीत तिची झोप उडाली, छातीत धडधड सुरू झाली, हात थरथरतो. गावात नजर काढली, नारळ फोडला. नळावर काल तिने तिघींशी भांडण काढलं आणि मग स्वतःच रडली. मुलगा कल्याणहून येऊन तिला डॉक्टरांकडे नेणार आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर

काकीचा ईसीजी काढला. ठोके फार जलद आहेत. टीएसएच शून्य पूर्णांक शून्य तीन. म्हणजे थायरॉईडचा रस इतका झालाय की डोक्याने हुकूम देणंच सोडलं. तिचे डॉक्टर म्हणाले, पंचवीसच्या गोळीवर असं होत नाही, ग्रंथीतच काही बिघाड आहे का ते स्कॅन करून बघू. काकी स्कॅनला घाबरली आहे. काल रात्री आमच्याकडे येऊन बसली आणि तिने आईचा हात सोडला नाही.

मी दोघींचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एकीचा उतरला, दुसरीचा तळाला गेला. मग मला लख्ख कळलं. लॅबने दोघींच्या रक्ताची अदलाबदल केली.

आज सकाळी लॅब उघडायच्या आधी मी करी रोडला हजर. श्रेयाला म्हणालो की यावर माझा लेखी अर्ज असेल. तिने पाणी दिलं आणि मग तारखा दाखवल्या. आईचं रक्त अकराला घेतलं होतं, काकीचं पंधराला. "चार दिवसांच्या अंतराने बाटल्या कशा बदलतील, अवधूत? माझी स्मरणशक्ती तुझ्याइतकी वाईट नाही." अर्ज मी खिशातून काढला नाही. तिने विचारलं, काकी खरंच पंचवीसच घेते का? मी म्हटलं, वर्षानुवर्षं, माझ्या आईसमोर.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

हे नीट लिहायला हवं, म्हणून सावकाश लिहितो.

तेरा जूनला शंभर गोळ्या आणल्या, म्हणजे त्या आता संपायला हव्यात. छापखान्यातून येताना पंचाहत्तरची नवी बाटली आणली. खोक्यात जुनी पाहिली तर रिकामी. हिशेब बरोबर जुळला. नवी बाटली आईच्या हातात दिली तर तिने सील न फोडता ती मागे ठेवली.

"ऱ्हवांदे ती. आता पाळी तिची."

कोणाची, विचारलं. काकीची, म्हणाली. सोमवारपासून काकीची नवी बाटली चालू केली. ती संपली की मग माझी. मी विचारलं, पाळी म्हणजे काय. आई माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच काहीतरी विसरलोय.

"तूच सांगितलंस मां, उघडी बाटली लवकर संपाक होई. एकटीन शंभर गोळ्यो संपवायच्या तर आषाढापासून दसरो येतलो, सगळ्यो सादळतल्यो. म्हणून आमी दोगी मिळून एक बाटली संपवतो, मगे दुसरी फोडतो. तुज्या बाटलीच्या आदल्याच दिसा काकीची उघडली होती, ती पयली संपवली."

मी वही काढून तारखा लावल्या. जून-जुलै दोघींनी काकीची बाटली खाल्ली, पंचवीसची. तीन ऑगस्टपासून दोघींनी आईची, पंचाहत्तरची; काकीला गावी जाताना दिलेल्या पुडीतही त्याच, वर दहा-पंधरा जास्तीच्या. आकडा वेगळा असतो, असं मी म्हटलं. आई म्हणाली, थायरॉईडचीच ना दोन्ही, तुझ्या डॉक्टरने एकीला लहान दिली नि एकीला मोठी दिली, दिसायला तर सारख्याच. मीठ तुमच्याकडचं काय नि आमच्याकडचं काय.

भिंतीपलीकडे काकीचा पंखा पाचावर फिरत होता.

मी तिच्याकडे गेलो आणि तिला सांगितलं की ग्रंथी ठीक आहे, स्कॅन लागणार नाही, पण डॉक्टरांना आत्ता फोन लावायचा. तिने सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला की म्हणजे तांब्याची भांडी घासली ती मी नव्हे, मालनच्या, तुझ्या आईच्या, गोळ्यांनी घासली? डॉक्टरांनी फोनवर गोळी काही दिवस पूर्ण बंद ठेवायला सांगितली, धडधडीसाठी दुसरी दिली आणि उद्या तिला बोलावलं.

शनिवार, २० सप्टेंबर

आई म्हणते सोमवारी भूलवाल्या बाईंना यातलं काही सांगायचं नाही. आकडा पाच आलाय ना, मग झालं. सांगितलं की फाइल पुन्हा मिटतील. मला तिचं पटतं. आणि पटतंय याचीच भीती वाटते. पाच दिवस तिने पंचवीसची घेतली आहे. भूल उतरली नाही तर? मी सांगितलं आणि तारीख गेली, नि तोवर खडा अडकला तर?

दोन्हीकडून दोष माझ्याकडेच येतो. भिंग माझं होतं.

आईला हे बोलून दाखवलं नाही. तरी जेवताना तिने माझ्या ताटात सुरमईची तिसरी तुकडी वाढली आणि म्हणाली, खा, विचार करायला ताकद लागते.

सोमवार, २२ सप्टेंबर

तपासणीच्या खोलीत मी आईच्या मागे उभा. डॉक्टरबाई तरुण आहेत, बोलायला कडक. बीपी, तोंड उघडा, मान मागे, दात हलतात का. मग विचारलं, थायरॉईडची गोळी नियमित घेता? आई म्हणाली, रोज, पहाटे, पाण्याच्या वेळेला. खोटं एकही अक्षर नव्हतं.

बाई लिहायला लागल्या. मला घाम फुटला. रुमाल काढला तर तो ओलाच होता. बाईंनी वर बघून विचारलं, यांना काय होतंय?

आई वळली. माझ्याकडे नीट पाहिलं, उसासा टाकला आणि बाईंना प्रमाण मराठीत म्हणाली, "ह्याला काही होत नाही हो, ह्याला खोटं पचत नाही. लिहायचं थांबा. मी सांगते."

आणि तिने सगळं सांगितलं. पापड, पावसाळा, पाळी, काकीची भांडी. नर्स तोंडावर फाइल धरून उभी होती. बाई हसल्या नाहीत. पूर्ण ऐकल्यावर त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं आणि मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. दार अर्धं उघडं होतं, पण शब्द कळत नव्हते. आई बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. ती घाबरलेली मी यापूर्वी पाहिली नव्हती. मला वाटायचं, आमच्या घरात ते काम माझ्याकडे आहे.

आत बोलावलं. ही गोळी अंगात बरेच दिवस टिकते, बाई म्हणाल्या. आधीचे सहा-सात आठवडे पंचाहत्तरची गेली, म्हणूनच आकडा उतरला. पाच दिवस कमी गेली त्याने फरक पडत नाही. आता फक्त स्वतःचीच घ्या. गुरुवार पक्का. सांगितलंत ते बरं केलंत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, एका बाटलीला एकच माणूस, हे बाटलीवर छापत नाहीत, कारण कोणाला सुचलं नव्हतं.

येताना आईने कोबी घेतला. माझ्यासाठी.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

काल ऑपरेशन झालं. काल लिहिता आलं नाही, कारण खाली येईलच.

आईला सकाळी आत नेलं. बाहेर मी आणि काकी. काकीची धडधड बरीच कमी आहे, पण मन खट्टू आहे. तो महिना काय छान गेला, म्हणाली, निदान दिवाळीच्या फराळापुरती पंचाहत्तरची मिळाली असती तर. मी तिला समजावण्यात वेळ गेला. उपाशी आईला सोबत म्हणून मी काही खाल्लं नव्हतं. काकीने तीनदा वडापाव पुढे केला, मी तीनदा नाही म्हटलं.

दोन तास झाले असतील. दार उघडलं आणि हिरव्या टोपीतले एक डॉक्टर आले, मालनबाईंचे नातेवाईक कोण म्हणून. मी पुढे झालो. सगळं व्यवस्थित झालं, शुद्धीवर येतायत, म्हणाले, आणि हातातली स्टीलची वाटी माझ्यापुढे धरली. त्यात ओल्या कापडावर खडे होते. हिरवट, काळे, एक तर शेंगदाण्याएवढा. मला एवढंच आठवतं की मी त्यांना धन्यवाद म्हणालो. काकी म्हणते मी धन्यवादमधला पहिला अर्धाच म्हणालो.

जागा झालो तो स्ट्रेचरवर. पाय उशीवर चढवलेले, हाताला बीपीचा पट्टा, काकी पदराने वारा घालत होती. शेजारून आईला वॉर्डकडे नेत होते. तिने आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिची गाडी थांबवायला सांगितली की काय ते कळलं नाही, पण ती थांबली. नर्सने तिला विचारलं, मावशी, दुखतंय का, काही हवंय का?

आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ऑपरेशन माजा झाला, आनि आडवो ह्यो पडलो."

वॉर्डबॉय हसला, नर्स हसली, काकीने वारा घालायचा पदर तोंडात कोंबला. हसल्यामुळे आईचे टाके ओढले आणि डॉक्टरांनी तिला दोन दिवस हसायची बंदी केली आहे. संध्याकाळी मी भेटायला गेलो तर ती बाजूच्या खाटेवरच्या बाईंना तेच पुन्हा सांगत होती, पोटावर हात दाबून धरून.